ट्रकच्या लायसन्सचा लेखी पेपर समजून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधे आपल्या पुरवणीत अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांवर लेख आला होता, पगार किती मिळतो, केबिनमधे झोपायची सोय कशी असते, हायवे कसे असतात असं सगळं होतं त्यात, फोटो पण छान होते. पण ते लायसन्स मिळतं कसं याबद्दल एकच वाक्य होतं, की एक लेखी परीक्षा द्यावी लागते. मी इथे अमेरिकेत ट्रक चालवते आणि इथे राहणाऱ्या, काम करायची परवानगी असलेल्या मराठी मुलामुलींना त्या परीक्षेच्या तयारीत मदत पण करते, त्यामुळे त्या एका वाक्यात जे राहून गेलं ते लिहावंसं वाटलं. पत्र लांब होणार आहे. सगळं छापता आलं नाही तरी चालेल पण ब्रेकवाला भाग तेवढा कापू नका ही विनंती.

माझं म्हणणं सरळ आहे, ही परीक्षा नुसतं पाठ करून पास होता येते आणि सगळा घोळ तिथेच आहे. आजकाल फोनवर ॲप असतात, प्रश्न येतो, खाली तीन-चार पर्याय, बरोबर दाबलं की हिरवं होतं. मुलं बसमधे, जेवणाच्या सुट्टीत, रात्री झोपायच्या आधी ते टकाटक दाबत बसतात आणि थोड्याच दिवसांत प्रश्नाचे पहिले तीन शब्द वाचले की उत्तर कुठलं ते कळायला लागतं, प्रश्न पूर्ण वाचायची गरजच राहत नाही. आपल्याकडे परीक्षा म्हटलं की अपेक्षित प्रश्नसंच हातात घ्यायची सवय लहानपणापासूनची असते, ती इथेही सुटत नाही. मार्क पडतात, परमिट हातात येतं, घरी फोन जातो की झालो पास. आणि मग तोच मुलगा ८०,००० पौंडाची म्हणजे साधारण ३६ टनाची गाडी घेऊन डोंगर उतरायला लागतो.

ही परीक्षा का आली ते आधी सांगते कारण ते कुठल्याच ॲपमधे कोणी सांगत नाही. १९८६ साली इथे कमर्शियल मोटर व्हेइकल सेफ्टी ॲक्ट झाला. त्याआधी बऱ्याच राज्यांत साध्या कारच्या लायसन्सवर माणूस अठरा चाकी ट्रक रस्त्यावर आणू शकत होता, आणि एका राज्यात लायसन्सवर दंड-अपघात साठले की दुसऱ्या राज्यात जाऊन नवं काढायचं असाही प्रकार चालायचा, एकाच माणसाच्या खिशात दोन-तीन राज्यांची लायसन्सं. १ एप्रिल १९९२ पासून मोठ्या गाडीला कमर्शियल ड्रायव्हर लायसन्स म्हणजे सीडीएल सगळ्या देशात सक्तीचं झालं, एका माणसाला एकच. म्हणजे हा पेपर रस्त्यावर माणसं मरत होती म्हणून आला, फी गोळा करायला आलेला नाही.

पेपरचं स्वरूप थोडक्यात सांगते. ट्रेलरवाल्या मोठ्या ट्रकला क्लास ए लायसन्स लागतं आणि त्यासाठी तीन पेपर, जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन व्हेइकल म्हणजे ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, इंजिन आणि केबिनवाला पुढचा भाग) आणि मागे ट्रेलर जोडलेली गाडी. बहुतेक राज्यांत अनुक्रमे ५०, २५ आणि २० प्रश्न असतात आणि पास व्हायला ८० टक्के लागतात. एअर ब्रेकचा पेपर दिला नाही किंवा नापास झालात तर लायसन्सवर एल नावाचा निर्बंध बसतो, मग हवेचे ब्रेक असलेली गाडी चालवताच येत नाही, म्हणजे मोठे ट्रक जवळजवळ सगळेच गेले. लेखी पास झालं की लर्नर परमिट मिळतं, ते निदान १४ दिवस हातात असल्याशिवाय गाडीवरची परीक्षा देता येत नाही आणि तोवर शेजारच्या सीटवर सीडीएलवाला माणूस बसलेलाच पाहिजे. वयाचं पण लक्षात ठेवा, १८ व्या वर्षी लायसन्स निघतं पण राज्याची हद्द ओलांडून माल न्यायला २१ पूर्ण लागतात. हे झालं नियमाचं.

आता पाठांतराचं काय होतं ते एका प्रश्नावरून सांगते. प्रश्न असा असतो की रिकामा ट्रक थांबायला भरलेल्या ट्रकपेक्षा कमी अंतर लागतं का जास्त. कोणीही म्हणेल हलकी गाडी लवकर थांबणार, आणि उत्तर आहे जास्त. ॲपवाल्या मुलाला हे उत्तर माहीत असतं, पण का म्हणून विचारलं की गप्प. कारण असं आहे की त्या गाडीचे ब्रेक, टायर, कमानीचे पाटे सगळे भरलेल्या वजनाच्या हिशोबाने बनवलेत, गाडी रिकामी असली की टायर रस्त्याला नीट दाबून बसत नाही, पकड कमी पडते, जोरात ब्रेक मारला की चाकं उसळतात, लॉक होतात आणि घसरतात. हे एकदा समजलं की त्याच्या आजूबाजूचे चार प्रश्न आपोआप सुटतात, ट्रेलर सोडून नुसता ट्रॅक्टर पळवताना ब्रेक जपून का मारायचा, पावसात रिकामा ट्रेलर मागून बाजूला का सरकतो, वगैरे. पाठ केलं असेल तर पेपरात शब्द फिरवून विचारलं की गोंधळ झालाच. आणि पेपरात गोंधळ झाला तर परत देता येतो हो, रस्त्यावर परत देता येत नाही.

थांबायच्या अंतराचंच घ्या. सीडीएल मॅन्युअलमधे, म्हणजे या परीक्षेच्या सरकारी पुस्तकात, आकडे दिलेत, ताशी ५५ मैल वेगाने, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून डोक्याला कळेपर्यंत पावणेदोन सेकंद जातात, तेवढ्यात गाडी १४२ फूट पुढे गेलेली असते. मग पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर जाईपर्यंत अजून ६१ फूट. आणि ब्रेक लागल्यावर गाडी उभी राहीपर्यंत २१६ फूट. एकूण ४१९. आता यात हवेच्या ब्रेकचा उशीर धरा, कारण कारमधे पेडल दाबलं की ब्रेक लगेच लागतो पण ट्रकमधे हवेला नळ्यांतून चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद तरी लागतो, त्यात अजून ३२ फूट जातात, म्हणजे ४५० फुटांच्या वर. फुटबॉलच्या मैदानापेक्षा लांब. मी मुलांना सांगते की आकडा लिहून ठेवू नका, मोकळ्या रस्त्याच्या कडेने एवढं अंतर पायी चालून बघा, आणि चालताना विचार करा की या सगळ्या अंतरात तुम्ही काहीही ठरवलं तरी गाडी थांबलेली नसणार. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. हा पण पेपरातला हमखास प्रश्न.

याच्याच जोडीला पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं तो हिशोब येतो. गाडीच्या प्रत्येक १० फूट लांबीला एक सेकंद आणि वेग ४० मैलांच्या वर असला की वर एक सेकंद जास्त, म्हणजे ६० फुटी गाडीला ७ सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला सुरुवात करायची, आपण त्या खांबापाशी पोचेपर्यंत ७ झाले पाहिजेत. कारवाले मधल्या जागेत घुसतात, राग येतो, तरी परत मागे राहून जागा करायची.

आता ब्रेक. मॅन्युअलचा पाचवा भाग. माझ्या मते अख्ख्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आणि मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात ते पण याच भागाला, कारण आकडे फार. इंजिनवर चालणारा कंप्रेसर टाक्यांमधे हवा भरतो, दाब साधारण १२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) झाला की गव्हर्नर, म्हणजे कंप्रेसरला चालू-बंद करणारा भाग, भरणं थांबवतो आणि १०० च्या आसपास खाली आला की परत सुरू करतो. पेडल दाबलं की ती हवा ब्रेकच्या चेंबरमधे जाऊन ब्रेक लावते. पार्किंग ब्रेकचं मात्र बरोबर उलटं असतं, तो ताकदवान स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो, म्हणजे गाडी चालत असताना हवाच त्या स्प्रिंगला दाबून धरून बसलेली असते. एवढं चित्र डोक्यात बसलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. दाब ५५-६० च्या आसपास उतरला की लाल दिवा लागतो, बझर वाजतो, तेव्हाच गाडी बाजूला घेऊन थांबवायची कारण तुमच्या पायाखाली अजून ब्रेक शिल्लक आहे. तसेच पुढे गेलात आणि दाब २० ते ४५ च्या मधे आला की स्प्रिंग सुटते आणि गाडी स्वतःच ब्रेक लावते, कुठे लावायचा आणि कसा लावायचा हे तुमच्या हातात राहत नाही, वळणावर असाल तर वळणावर, ओल्या रस्त्यावर असाल तर तिथे. मी शिकवताना प्रत्येकाला कागदावर कंप्रेसर, टाकी, पेडल, चेंबर, स्प्रिंग असं सगळं स्वतःच्या हाताने काढायला लावते आणि हवा कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवून मोठ्याने बोलायला लावते. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालतं. ज्याला बोटाने हवा फिरवून दाखवता येते त्याला या पेपरची भीती राहत नाही.

आणि उतार. लांब उतारावर गिअर कधी खाली घ्यायचा असा प्रश्न असतो, उत्तर उतार सुरू व्हायच्या आधी. का तर मधेच वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, कधी कधी कुठलाच पडत नाही आणि मग इंजिन गाडीला धरून ठेवतं तो आधारच जातो. ऑटोमॅटिक गाडीत पण वेगात जबरदस्तीने खालच्या गिअरला टाकायला गेलात तर ट्रान्समिशन खराब होऊन तोच आधार जाऊ शकतो. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही, जास्त दाबलं की जास्त तापतो. म्हणून पद्धत अशी की खालचा गिअर टाकून गाडी इंजिनवर रोखायची, सुरक्षित वेग समजा ४० मैल ठरवला तर काटा ४० ला टेकला की वेग चांगला कमी होतोय हे जाणवेल एवढा ब्रेक दाबायचा, ३५ वर आला की सोडायचा, परत ४० झाला की परत दाबायचा. सारखं पंप करत बसायचं नाही कारण ब्रेक सोडताना दर वेळी ती हवा बाहेर जाते आणि कंप्रेसरला तेवढी भरून काढायला वेळ लागतो.

हे सगळं इतक्या कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. २५ एप्रिल २०१९ ला कोलोरॅडो राज्यात लेकवूडपाशी आय-७० हायवेवर, जिथे रस्ता रॉकी पर्वतातून डेन्व्हरकडे उतरतो तिथे, लाकूड भरलेला एक ट्रक ब्रेक गेलेल्या अवस्थेत तुंबलेल्या ट्रॅफिकमधे घुसला, चार माणसं गेली. त्याच उतारावर वर रनअवे रॅम्प होता, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी घालायला मुद्दाम बाजूला काढलेला रस्ता, खडीचा किंवा चढाचा. ट्रक तो ओलांडून खाली आला. मॅन्युअलमधे या रॅम्पचा प्रश्न आहे, ब्रेक गेले तर काय कराल, आणि मुलं त्याचं उत्तर अर्ध्या सेकंदात हिरवं करतात. मला त्यांच्याकडून ते उत्तर नको असतं. मला हवं असतं की डोंगर उतरायच्या आधी रॅम्प कुठल्या मैलावर आहे ते त्यांना माहीत असावं आणि वेळ आली तर गाडी मोडेल, माल सांडेल, मालक काय म्हणेल असला विचार न करता स्टिअरिंग तिकडे वळवायचं हे आधीच ठरलेलं असावं. कारण तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही.

गाडी निघायच्या आधीची तपासणी हा अजून एक विषय. लेखी पेपरात पण येतो आणि पुढे गाडीवरच्या परीक्षेत परीक्षकासमोर एकेक भाग दाखवून बोलावं लागतं. इथे आपल्या मराठी मुलांचं एक चांगलं असतं, गावाकडे कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर किंवा टेम्पो त्यांनी खोललेला असतो, पाटे, हब, नट या गोष्टी हाताला माहीत असतात. तेच इंग्रजीत बोलायचं एवढंच. पुढच्या टायरची नक्षी निदान ४/३२ इंच खोल पाहिजे आणि बाकीच्या टायरांची २/३२, पुढच्यांना जास्त का तर स्टिअरिंग त्यांच्यावर आहे, पुढचा टायर फुटला तर गाडी हातात राहणं कठीण. स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंग जेवढं मोकळं फिरतं ते, १० अंशांपेक्षा जास्त नको. कमानीच्या पाट्यांपैकी एक चतुर्थांश किंवा जास्त पाटे तुटले किंवा गायब असले तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणि चाकाच्या नटाशी जरा वाकून बघा. नटाच्या कडेने रिमवर गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर तो नट ढिला असू शकतो, हलून हलून रंग खरवडला गेला, पाणी शिरलं आणि गंज चढला. हाताने हलवून बघितलं तर तो घट्टच वाटतो, डोळ्याला ओघळ दिसतो म्हणून कळतं. पेपरात हा एका ओळीचा प्रश्न आहे, पण रस्त्यात चाक निखळलं तर ते कोणाच्या गाडीवर जाऊन पडेल सांगता येत नाही.

मालाचं पण तसंच. पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून पट्टे-साखळ्या परत बघायच्या कारण गाडी हलली की माल बसतो आणि पट्टा ढिला होतो, त्यानंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल ते. १० फूट लांबीला एक बांधणी, आणि माल कितीही छोटा असला तरी निदान दोन. बाकी माल भरण्याचा भाग एकदा नीट वाचला तरी पुरतो.

आता अभ्यास कसा करायचा त्याबद्दल. राज्याच्या वेबसाइटवर सीडीएल मॅन्युअल फुकट मिळतं, तेच पुस्तक, दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही. क्लास ए साठी त्यातले दुसरा, तिसरा, पाचवा आणि सहावा हे भाग मनापासून वाचा, आणि अकरावा, तपासणीचा, लेखी होईपर्यंत थांबू नका, जोडीनेच वाचायला घ्या. आधी पुस्तक, मग ॲप. ॲप वाईट नाही, आपल्याला काय येत नाही ते कळायला ते चांगलं आहे, पण उत्तर चुकलं की लगेच पुढचा प्रश्न दाबायचा नाही, पुस्तकात ते पान काढून वाचायचं. आणि वाचलेलं घरात कोणालातरी मराठीत समजावून सांगायचं, बायकोला, भावाला, रूममेटला, ज्याला ट्रकमधलं काही कळत नाही अशाला सांगितलं तर उत्तमच, तो मधे मधे जे प्रश्न विचारतो त्यातून आपलं कुठे कच्चं आहे ते बाहेर येतं.

मराठी माध्यमातून शिकलेली मुलं इंग्रजीला घाबरतात. त्यांना सांगायचंय की मॅन्युअलचं इंग्रजी सोपं आहे, छोटी वाक्यं, रोजचे शब्द. समजून मराठीत घ्या पण गाडीच्या भागांची नावं इंग्रजीच ठेवा, स्लॅक ॲडजस्टर, ग्लॅड हँड, फिफ्थ व्हील, किंगपिन, कारण गाडीवरची परीक्षा इंग्रजीतच होते, दुभाषा चालत नाही. आणि रस्त्यावर तपासणीला थांबवणारा अधिकारी पण इंग्रजीतच विचारणार. ड्रायव्हरला इंग्रजी वाचता-बोलता आलं पाहिजे हा नियम जुनाच आहे, पण जून २०२५ पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आहे, येत नसेल तर तिथल्या तिथे गाडी चालवणं थांबवतात. त्यामुळे कोणी तयार उत्तरांची भाषांतर केलेली यादी व्हॉट्सॲपवर पाठवली तर त्यावर विसंबू नका. अशा याद्यांमधे मी चुकीची उत्तरं पण पाहिली आहेत, आणि त्या याद्या करणारे लोक तुमच्याबरोबर डोंगर उतरायला येत नाहीत.

क्लासवाल्यांबद्दल पण सांगितलंच पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मुलाकडून एका क्लासने लेखी पास करून देण्याची गॅरंटी म्हणून चांगले पैसे घेतले आणि हातात काय दिलं तर प्रश्नांची झेरॉक्स. पुस्तकाचं तोंड दाखवलं नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्यांदा क्लास ए किंवा बी काढणाऱ्याला गाडीवरच्या परीक्षेआधी ठरवून दिलेलं ट्रेनिंग घ्यावंच लागतं, आणि ते देणारी संस्था सरकारच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नोंदलेली असावी लागते. ही यादी ऑनलाइन उघडी आहे, पैसे भरायच्या आधी नाव त्यात आहे का बघा. नसेल तर तिथलं ट्रेनिंग धरलं जात नाही, पैसे आणि वेळ दोन्ही गेले. घातक रसायनांच्या मालाची परवानगी काढायची असेल तर तिचा थिअरीचा भाग लेखी पेपरच्या आधीच पूर्ण करावा लागतो, शिवाय पार्श्वभूमीची तपासणी होते, तर नव्या मुलांनी त्या मागे लगेच लागू नये असं माझं मत. आधी साधा ट्रेलर नीट ओढायला शिका.

घरच्यांना पण एक सांगते. मुलगा किंवा मुलगी अभ्यास करत असेल तर झाला का पास, कधी देणार पेपर असं सारखं विचारू नका. घाईत दिलेला पेपर म्हणजे पाठांतरच असतं. दोन आठवडे उशीर झाला तर काही बिघडत नाही. त्यापेक्षा विचारा की आज काय वाचलंस, मला सांग, आणि पाच मिनिटं बसून ऐका.

संपादकसाहेब, आपल्या पुरवणीत एक छोटी चौकट दर आठवड्याला देता आली तर फार उपयोग होईल, पेपरातला एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर असं का आहे एवढंच, चित्रासकट. सुरुवात हवेच्या ब्रेकपासून करा. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, प्रत्येक गोष्ट मॅन्युअलच्या कुठल्या भागातली आहे ते पण देईन म्हणजे तुमच्याकडे कोणी तपासून घेऊ शकेल. फी आणि प्रश्नांची संख्या राज्याप्रमाणे बदलते, तेवढी तळटीप मात्र दर वेळी टाका.

आपली नम्र,
एक वाचक आणि ट्रक ड्रायव्हर, अमेरिका